नवशिक्यांसाठी सोपी

“दुसरी,” मुतालेम्वा म्हणाले.

“दुसरीच का?” केमिलेम्बेने विचारलं.

“बरी वाटली.”

“बरी म्हणजे काय, बाबा? रंग बरा वाटला, अक्षरं बरी वाटली, की मांडणी?”

त्यांनी हनुवटी खाजवली. “जागी होताना काहीतरी बोलली तरी. बाकीच्या दोघी मुक्यानेच उठल्या. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की आधी शिकामू म्हणून मोठ्यांना नमस्कार करावा, मग बसावं. एवढी तरी रीत हवी.”

केमिलेम्बेला हसू आलं. टेबलावर तिने तीन पेनड्राइव्ह ओळीने मांडले होते. प्रत्येकात एकेक खुली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्राच्या आतल्या डिस्कला धक्का न लावता ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते; पटली तर ठेवायची, नाही तर काढून घ्यायची. गेले कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने हाच अभ्यास केला होता. एरवी ती सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची आणि सरोवरकाठच्या बुकोबा गावातल्या लोकांच्या रक्तातले मलेरियाचे जंतू मोजायची. कुठलीही गोष्ट नीट तपासल्याशिवाय घ्यायची नाही, हा तिचा स्वभावच होता. आणि वडिलांना निवडीचा हक्क द्यायचा, हे तिने आवर्जून ठरवलं होतं. म्हणून तर तिन्ही चालू करून दाखवल्या होत्या.

बदल करणं भागच होतं. घरातला संगणक चर्चच्या परदेशी मित्रांनी कंटेनर भरून पाठवलेल्या सामानातून आलेला. त्यातली विंडोज जुनी, शिवाय बाजारातल्या कुणीतरी चोरून घातलेली. चर्चच्या ऑफिसातला पेनड्राइव्ह लावला की व्हायरस यायचा, फोल्डर दिसेनासे व्हायचे. अधूनमधून पडदा काळा करून ते यंत्र स्वतःच सांगायचं की मी चोरीचा माल आहे. देवाच्या घरची पत्रकं चोरीच्या मालावर छापायची, हे केमिलेम्बेला खटकायचं.

कारण त्या संगणकावर मुतालेम्वा एकच काम करत. दर शनिवारी दुपारी ते टेकडीवरच्या चर्चच्या सूचनांचा कागद तयार करत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी गमी झाली, कोण आजारी आहे, गायकांचा सराव कधी. रविवारी चर्चचा पुढारी कागारुकी एल्डर तो कागद उभं राहून वाचत आणि सगळी वस्ती ऐकत असे. मुतालेम्वा उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत तार ऑफिसात टेलिप्रिंटरवर होते. सरोवराच्या या काठावर पोचलेली किती मरणं आणि किती बाळंतपणं त्यांच्या बोटांखालून गेली, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. तार ऑफिस बंद पडलं, केमिलेम्बेची आई गेली, आणि मग त्यांच्याकडे हा एक कागद उरला. त्यात कधी चूक नसे. कागारुकी तर तो आधी चाळूनही बघत नसे. थेट उघडायचा आणि वाचायला लागायचा.

“दुसरी जड आहे, बाबा,” केमिलेम्बे म्हणाली. “आपलं यंत्र म्हातारं. तिला उठायलाच किती वेळ लागला, बघितलंत ना?”

“ऐकलं,” ते म्हणाले.

“तिसरी घेऊ. हलकी आहे, आणि सगळीकडे लिहिलंय की नवशिक्यांसाठी हीच सर्वांत सोपी.”

“घे मग. तू वाचलंयस.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “जुनं जिथे होतं, तिथेच राहील ना सगळं?”

“एकही फाइल जाणार नाही. मी आधी दोनदा कॉपी करून ठेवणार आहे.”

ही गोष्ट तिने अगदी तंतोतंत पाळली. एकही फाइल गेली नाही. पण विचारलेला प्रश्न तो नव्हता, हे तिला फार उशिरा कळलं.

तिसरी सिस्टिम घालून झाल्यावर तिने हात फिरवून घर आवरावं तसा पडदा आवरला. इकडेतिकडे पसरलेली चित्रं काढून टाकली, हवी तेवढी खाली एका पट्टीत बसवली. सूचनांच्या फाइली एका स्वच्छ फोल्डरमध्ये लावल्या. आणि आवाज बंद केला. दिवसभर दवाखान्यातल्या यंत्रांची टुंगटुंग ऐकून तिचे कान विटलेले असायचे. घरी तरी शांतता हवी.

पहिले काही शनिवार ती शेजारी बसली. फाइल तीच उघडून द्यायची, ते टाइप करायचे. बोटं तशीच धावायची, खिडकीबाहेर तोंड करून, कीबोर्डकडे न बघता. लहानपणी तिला याचा अभिमान वाटायचा. तार ऑफिसातली माणसं बोटांकडे बघत नसतात, हे ती वर्गात मैत्रिणींना सांगायची. आता मात्र ती सारखी वैतागत होती. कारण टाइप करणं सोडलं तर बाकी काहीच त्यांच्या डोक्यात राहत नव्हतं.

“सेव्ह कुठे करायचं?”

“समोर लिहिलंय की, बाबा.”

“हां, हां.”

“तिकडे नाही. वर. अहो वर, डावीकडे. बाबा, समोर तर आहे! मुलांना एकदा सांगितलं की कळतं.”

“मुलांचं डोकं कोरं असतं,” ते म्हणायचे. “माझं लिहून भरलंय. कडेकडेने लिहावं लागतं.”

ती नि:श्वास सोडून त्यांच्या हातावर हात ठेवायची आणि माऊस हवा तिथे नेऊन टेकवायची. तिला वाटायचं, आपण किती शांतपणे घेतोय.

त्या शनिवारी तिला अचानक ड्यूटी लागली. वडील म्हणाले, जा, मी करतो. संध्याकाळी ती आली तेव्हा कागद छापून, घडी घालून, बायबलमध्ये ठेवलेला होता. तिला बरं वाटलं. मनात म्हणाली, बघा, शिकले की नाही.

दुसऱ्या दिवशी कागारुकी एल्डर नेहमीसारखा उभा राहिला. आधी आजाऱ्यांसाठी प्रार्थना, मग बाकीच्या सूचना, असा क्रम ठरलेला होता. त्याने घसा साफ केला आणि एकेक नाव वाचायला लागला.

“...आणि आपली भगिनी अडेलिना ब्याबातो, हिच्या गुडघ्यांना आणि छातीला लवकर आराम पडावा म्हणून.”

शब्द तोंडातून गेल्यावर तो थांबला. कागदाकडे पुन्हा बघितलं. चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याच्या नखांचा आवाज येऊ लागला. अडेलिनाला पुरून पाऊसकाळ उलटला होता. तिचं थडगं चर्चच्या मागच्या उतारावर, भिंतीपलीकडेच होतं. आणि तिचा नवरा ब्याबातो पुढून दुसऱ्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

केमिलेम्बेने पाहिलं, ब्याबातोने एकदाच मान वळवून मागे, बायकांच्या बाजूला बघितलं. मग तो परत समोर बघू लागला. पाळकांनी घाईघाईने “प्रार्थना करूया” म्हटलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मुतालेम्वांचे डोळे उघडेच राहिले.

घरी आल्याआल्या तिने संगणक सुरू केला आणि काय झालं ते शोधून काढलं. शोधायला वेळ लागला नाही. जुन्या सिस्टिमवर फाइलींची यादी उघडली की सर्वांत ताजी फाइल सर्वांत वर येई. वडील दर शनिवारी वरची फाइल उघडत, आजाऱ्यांची नावं तशीच ठेवून, कुणी बरं झालं वा गेलं असेल तेवढंच बदलून, बाकी मजकूर नवा लिहीत आणि नव्या तारखेने ठेवत. नव्या सिस्टिमवर यादी नावाच्या क्रमाने लागत होती. आणि फाइलींना त्यांनी महिन्यांची नावं दिलेली. अक्षरांच्या क्रमात स्वाहिलीतला आगोस्ती, म्हणजे ऑगस्ट, सगळ्यांच्या आधी येतो. ते वरची फाइल उघडून बसले, ती गेल्या ऑगस्टची होती. त्या ऑगस्टमध्ये अडेलिना अंथरुणावर होती.

“बाबा, फाइलीवर तारीख दिसत होती ना? आगोस्ती लिहिलंय मोठ्या अक्षरांत.”

“लक्ष नव्हतं.”

“आतली नावं? एक नाव वाचलं असतं तरी कळलं असतं.”

“हो.”

“एवढी सोपी सिस्टिम आहे. लोक म्हणतात, कधी संगणक न पाहिलेला माणूससुद्धा हिच्यावर...” ती बोलत राहिली. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती की लोक म्हणतील, मुलीने काहीतरी नवं आणलं आणि म्हाताऱ्याची अब्रू घालवली. म्हणून ती सिस्टिमची बाजू मांडत होती, आणि ती मांडताना वडिलांच्या विरुद्ध बोलत होती. हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण थांबता आलं नाही.

मुतालेम्वांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कागारुकीला निरोप दे. आता दुसरा कुणीतरी बघा म्हणावं. वय झालं.”

तिने निरोप दिला. मनातून तिला थोडं हायसंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी प्रयोगशाळेतलं रसायन संपलं आणि ती दुपारीच घरी आली. अंगणात चटईवर कॉफीच्या बिया वाळत होत्या. आतून कीबोर्डचा आवाज येत होता, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तसा, एका लयीत. ती दारातच थांबली.

मुतालेम्वा टेबलापाशी ताठ बसून टाइप करत होते. समोरचा पडदा काळा होता. सकाळी निघताना मॉनिटरचं बटण तिनेच दाबून बंद केलं होतं. ते तिच्या सवयीचं. खालचं यंत्र घुरघुरत होतं, पण पडद्यावर काहीही नव्हतं. काळ्या काचेत खिडकीचा उजेड होता, आणि त्या उजेडात त्यांचा स्वतःचा चेहरा. ते त्याच्याकडेच तोंड करून, मन लावून लिहीत होते. मध्येच थांबले, चुकलेलं अक्षर खोडलं, पुन्हा लिहिलं.

केमिलेम्बे किती वेळ उभी होती, तिचं तिला सांगता आलं नसतं. मग तिने पायाने चटई सरकवली, त्यांना कळावं म्हणून.

“केमी? लवकर आलीस.”

“काय लिहिताय, बाबा?”

“रविवारचं. कुणी मागितलं नाहीये. पण शनिवार जवळ आला की बोटं ऐकत नाहीत. अर्धं पान झालं असेल बघ.”

ती पुढे गेली आणि तिने मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा उजळला. पान कोरं होतं. मधोमध एक चौकट उभी होती, जुन्या फाइलीतला बदल ठेवायचा की नाही असं विचारत. उत्तर मिळेपर्यंत ती कुणाला आत सोडत नव्हती. ते जे जे लिहीत होते ते त्या चौकटीवर आपटून नाहीसं होत होतं. एकही अक्षर कागदापर्यंत पोचलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मॉनिटर बंद होता.”

त्यांची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. “कधीपासून?”

“सकाळपासून.”

“म्हणजे पकडला गेलो म्हणायचं.” ते किंचित हसले. मग विचारलं, “लिहिलेलं तरी आलंय का नीट?”

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, “नाही. एक चौकट आडवी आली होती.”

“पण टुंग झालं नाही.” त्यांनी मान तिरकी केली, जणू अजून वाट बघत होते. “जुन्यावर काही अडलं की टुंग व्हायचं. मग मी कोपऱ्यातली कळ दाबायचो, ते निघून जायचं. हिच्यावर कधी टुंग झालंच नाही. मला वाटलं, हिच्यात काही अडतच नाही. म्हणूनच लोक हिला सोपी म्हणत असतील.”

“आवाज मी बंद केला होता, बाबा.”

“असं होय,” ते म्हणाले.

केमिलेम्बे जमिनीवर बसली. एकामागून एक गोष्टी तिच्यासमोर येऊन उभ्या राहू लागल्या. समोर लिहिलंय की. समोर तर आहे. मुलांना एकदा सांगितलं की कळतं. जुन्या पडद्यावर त्यांची सगळी वहिवाट पाठ होती. कुठल्या कोपऱ्यात काय, किती कळा खाली, कुठे टुंग. अंधाऱ्या घरात माणूस आपलं अंथरूण शोधतो तसे ते त्यात फिरत होते. तिने येऊन घर आवरलं, भांडीकुंडी हलवली, आणि सत्तरीच्या माणसाला आपल्याच घरात नवशिका करून ठेवलं. तीन पेनड्राइव्ह मांडून विचारलं, यातलं कुठलं बरं दिसतं. त्यांनी जे खरं होतं तेच सांगितलं होतं. ऐकलं, असंही म्हणाले होते. ती हसली होती.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू मला उठवलं असतंस तिथून,” मुतालेम्वा म्हणाले. “प्रेमानेच उठवलं असतंस. पण उठवलं असतंस.”

डोळ्यांच्या डॉक्टरने बत्ती लावून पाहिलं, डोळ्यातला दाब मोजला आणि मशीन बंद करून केमिलेम्बेकडे वळला. नस सुकत गेली होती, कडेकडेने आत. आता मधोमध धुकं तेवढं उरलं होतं. गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवून धरू, असं तो म्हणाला. वर्षापूर्वी आणलं असतं तर, असं त्याने वाक्य सुरू केलं, आणि तिच्या गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र बघून अर्धवट सोडलं. ते पूर्ण केलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी चर्चनंतर मुतालेम्वांनी कॉफीच्या भाजलेल्या बियांची विणलेली पेटी खिशात घातली आणि म्हणाले, ब्याबातोकडे जायचंय. अपराध झाला की रिकाम्या हाताने आणि दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवून चालत नाही. केमिलेम्बे बरोबर निघाली. केळीच्या बागांमधल्या पायवाटेवर तिने त्यांचा दंड धरला. तिने आजवर हे का केलं नव्हतं, असा प्रश्न तिला पडला. आणि त्याचं उत्तरही लगेच सापडलं. ती नेहमी पुढे चालायची.

ब्याबातो अंगणात शेंगा सोलत बसला होता. त्याने उठून मुतालेम्वांना हाताला धरून स्टुलावर बसवलं, अगदी सवयीने, बोलता बोलता. केमिलेम्बेच्या ते लक्षात आलं.

“शिकामू, म्झे,” ती त्याच्या वयाला मान देत म्हणाली.

“मराहाबा,” ब्याबातोने नमस्कार घेतला. “तू निदान मला केलंस. तुझ्या बापाने मागे माझ्या शेळीला शिकामू केलं होतं.”

“शेळीने उत्तरही नीट दिलं होतं,” मुतालेम्वा म्हणाले. “तुझ्यापेक्षा.”

दोघं म्हातारे हसले. केमिलेम्बेला हसता आलं नाही. “तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे, बाई. बाजारातली मासळीवाली नोटा मोठ्या-लहान लावून त्याच्या हातात देते. मोटारसायकलवाला पोरगा त्याला दारापर्यंत सोडतो. कुणी बोललं नाही, कारण तो बोलत नव्हता.”

“मग मला तरी सांगायचं.”

“तुला?” ब्याबातोने शेंगांवरून मान वर केली. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, निव्वळ नवल होतं. “तू दुर्बिणीतून माणसाच्या रक्तातला किडा बघतेस. आम्हाला वाटलं, तुला आमच्या आधी दिसलं असेल.”

मुतालेम्वांनी पेटी उघडून पुढे केली. ब्याबातोने दोन बिया उचलून तोंडात टाकल्या आणि चघळत राहिला. बिया घेतल्या, म्हणजे ऐकून घेणार होता.

“माझ्या हातून तिचं नाव गेलं,” मुतालेम्वा म्हणाले. “मी तुझ्या घरात मेलेलं माणूस उठवून बसवलं, सगळ्यांच्या देखत.”

ब्याबातोने आणखी एक शेंग सोलली. “बाई मेल्यापासून तिचं नाव कुणी मोठ्याने घेत नाही,” तो म्हणाला. “सगळे मला जपतात. त्या दिवशी सगळ्या चर्चने तिच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. काय बिघडलं? तिथेही दुखतच असतील. तिने कधी ऐकलंय कुणाचं.” त्याने शेंगेचं साल बाजूला टाकलं. “पण मुतालेम्वा, तुझ्याशी खोटं नाही बोलायचं. मी मागे वळून बघितलं. एकच क्षण. ते तू पाहिलं नाहीस, बरं झालं.”

मुतालेम्वांनी मान खाली घातली. केमिलेम्बेने पाहिलं होतं. आगोस्तीची ती फाइल उघडणारा हात वडिलांचा असेल, पण ती वर आणून ठेवणारा हात तिचा होता. हे तिने ब्याबातोला सांगायला हवं होतं, आणि तिने सांगितलंही. म्हातारा ऐकत होता, पण फाइल, यादी, अक्षरांचा क्रम यातलं त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, “असू दे, असू दे,” आणि बियांची पेटी तिच्याकडे सरकवली. न कळता मिळालेली ती माफी घेऊन ती घरी आली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने मॉनिटर बंद केला आणि तिन्ही पेनड्राइव्ह पुन्हा काढले. या वेळी ती वडिलांना स्टुलावर बसवून आपण खुर्चीत बसली, ओढणी डोळ्यांवरून बांधली, आणि एकेक सिस्टिम सुरू करून फक्त कळांवर आणि कानांवर चालते का ते बघू लागली. तिला काही जमेना. ती कुठे आहे हेच तिला कळत नव्हतं. हलक्या सिस्टिमवर पडदा वाचून दाखवणारा आवाज आधी शोधून बसवावा लागत होता, आणि न बघता तो बसवता येत नव्हता. दोनदा तिने चुकून यंत्रच बंद केलं.

“कुठे अडलं?” मुतालेम्वांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“समोर लिहिलं असेल,” ते म्हणाले, अगदी सौम्यपणे.

तिने ओढणी काढली नाही. ओढणीखाली चेहरा पुसला आणि दुसरा पेनड्राइव्ह लावला. यंत्र कण्हलं, बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग ढोलावर हलकी थाप पडावी तसा तो जागं होण्याचा आवाज आला. तिने दोन कळा एकदम दाबल्या आणि एक यांत्रिक पुरुषी आवाज स्वाहिलीत वाचू लागला, कुठे आहात, काय उघडलंय, खाली काय आहे. प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो दगडाला ठेच लागल्यासारखा थांबायचा.

“हा कुठला मिशनरी?” मुतालेम्वांनी विचारलं. “नुकताच बोटीतून उतरलेला दिसतो.”

“बदलू का?”

“नको. शिकेल हळूहळू. नवशिका आहे बिचारा.” त्यांनी कान लावून आणखी थोडं ऐकलं. “हीच ना दुसरी?”

“हीच.”

पहिल्या दिवशी तिने त्यांचं ऐकलं असतं तर हा आवाज आधीच घरात असता. त्यासाठी लागला असता तो फक्त मेमरीचा एक तुकडा, जो प्रयोगशाळेतल्या भंगारात पडलेला होता आणि आता तिने साहेबांना विचारून आणून बसवला. इतकं स्वस्त होतं ते.

थोड्याच दिवसांत मुतालेम्वा आपल्याआपण फाइल उघडू, लिहू, वाचून घेऊ लागले. यादी तिने ताज्या फाइलीच्या क्रमाने लावून दिली, टुंग परत आणलं. मग ती कागारुकी एल्डरकडे गेली. सांगितलं, बाबा आता सूचना लिहू शकतील. यंत्र त्यांना प्रत्येक ओळ परत वाचून दाखवतं, चूक होणार नाही. कागारुकीने तिला आंबलेलं केळ्याचं पेय दिलं, डोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, आता युवक मंडळाची मुलं फोनवरच लिहितात, छापायचीही गरज पडत नाही. “म्झेंनी खूप वर्षं केलं. आता त्यांना आराम करू दे, बाई. लोकांनाही तेच बरं वाटतं.” तो चांगला माणूस होता. त्याने वडिलांना प्रेमानेच उठवलं. तिने आग्रह करून पाहिला, पण कुणाच्या आग्रहाला आता काही अर्थ उरला नव्हता. चर्च पुढे गेलं होतं.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मुतालेम्वा शेंगदाणे सोलत होते. “मुलं आहेत, शिकतील,” ते म्हणाले.

रविवारी केमिलेम्बे बायकांच्या बाजूला न बसता वडिलांजवळ बसली. युवक मंडळातला एक तरुण फोन हातात धरून उभा राहिला आणि भराभर वाचू लागला. नावं गिळत होता, मध्येच पडदा झोपी जायचा, तो पुन्हा बोटाने जागा करायचा. पुढच्या बाकावर ब्याबातो टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

केमिलेम्बेला आपल्या मनगटाखाली काहीतरी हलताना जाणवलं. मुतालेम्वांनी गाण्यांचं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं होतं. त्याच्या पाठीवर त्यांची दहाही बोटं होती, आणि तो तरुण जे वाचत होता ते ती बोटं टाइप करत होती, एकही अक्षर न गाळता. तो घाई करायचा तिथेही ती मागे पडत नव्हती. ओळ संपली की उजवी करंगळी हळूच दाबली जायची.

“आणि आजाऱ्यांसाठी,” तो वाचत होता, “म्झे मुतालेम्वा, यांच्या डोळ्यांसाठी.”

तिने बोटांकडे बघितलं. ती थांबली नाहीत. नाव पूर्ण झालं, मग डोळे, मग करंगळी दाबली गेली, आणि दोन्ही हात पुढच्या ओळीची वाट बघत पुस्तकावर स्थिर झाले.